नेटवर्क ब्रिजिंग : घरातले अनेक इंटरफेस, एक नेटवर्क

संगणक नेटवर्कच्या पहिल्या अभ्यासक्रमात ब्रिज, स्विच आणि राउटर हे तीन शब्द साधारण एकाच आठवड्यात शिकवले जातात आणि परीक्षेपर्यंत एकमेकांत मिसळून जातात. या पाठात आपण त्यातला फक्त ब्रिज घेणार आहोत, आणि तोही प्रयोगशाळेतला नव्हे, घरातला. तो काय करतो, संगणकावर कसा उभारायचा आणि कोणत्या ठिकाणी तो घातक ठरतो, हे पाहू. मॅक पत्ता, आयपी पत्ता आणि डीएचसीपी हे शब्द तुम्ही ऐकलेले आहेत असे धरले आहे. त्यापलीकडे काही लागणार नाही.

घर आणि त्यातली अडचण

उदाहरणासाठी लखनौच्या पूर्वेकडच्या चिनहट भागातले एक घर घेऊ. तुमच्या गावात, पुण्यात किंवा नागपुरातही असे घर सापडेल : तळमजल्यावर घरमालक, वरच्या दोन मजल्यांवर भाड्याने राहणारे विद्यार्थी. समजा, तळमजल्यावर फायबरचा डबा आहे. त्यातच राउटर आणि वायफाय आहे. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. त्याला केबलने एक प्रिंटर जोडला आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२०. डब्यातून एक केबल जिन्याने पहिल्या मजल्यावर जाते आणि विद्यार्थ्यांनी विकत घेतलेल्या राउटरच्या 'वॅन' पोर्टमध्ये शिरते. हा दुसरा राउटर आपल्या बाजूला १९२.१६८.०.१ पासूनचे पत्ते वाटतो. दुसऱ्या मजल्यावर वायफाय पोहोचत नाही. तिथे एक जुना डेस्कटॉप आहे आणि त्यात दोन नेटवर्क कार्डे आहेत.

पहिल्या मजल्यावर इंटरनेट व्यवस्थित चालते, पण प्रिंटर काही केल्या दिसत नाही. सकाळी प्रकल्पाचा अहवाल द्यायचा आहे आणि रात्री अकरा वाजता पेन ड्राइव्ह घेऊन खाली जावे लागते. दोष प्रिंटरचा नाही. लॅपटॉप प्रिंटर शोधतो तो हाक मारून. 'इथे कोणी प्रिंटर आहे का?' ही हाक २२४.०.०.२५१ या समूह-पत्त्यावर जाते, आणि ही हाक आपल्या नेटवर्कपुरतीच ठेवायची असा नियम आहे. राउटर ती पुढे पाठवत नाही. पहिल्या मजल्याचे नेटवर्क वेगळे, तळमजल्याचे वेगळे. मध्ये राउटर उभा आहे.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. एवढ्या रात्री काही बदलायचे नसेल, तर प्रिंटर जोडताना १९२.१६८.१.२० हा पत्ता हाताने टाका. बहुतेक वेळा छपाई होते. वरून खाली जाणारी विनंती राउटर पाठवतो, फक्त हाक पाठवत नाही. मात्र खालच्या संगणकाला वरच्या लॅपटॉपपर्यंत स्वतःहून पोहोचता येणार नाही. आणि दोन्ही राउटर योगायोगाने १९२.१६८.१ हीच मालिका वाटत असतील, तर हा उपायही फसेल. लॅपटॉप समजेल की १.२० आपल्याच मजल्यावर आहे, आणि त्याला तिथेच शोधत बसेल.

ब्रिज काय करतो

ब्रिज दोन किंवा अधिक इंटरफेस असे जोडतो की त्यांच्यावरची सगळी उपकरणे एकाच नेटवर्कमध्ये आहेत असे वाटावे. तो आयपी पत्ता बघत नाही. त्याचे लक्ष असते फ्रेमवर, आणि फ्रेममधल्या दोन मॅक पत्त्यांवर : पाठवणारा कोण आणि घेणारा कोण. मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो. फ्रेम ब्रिजमधून जाताना हे दोन्ही पत्ते जसेच्या तसे राहतात. राउटरमधून जाताना ते बदलतात. दोघांतला फरक परीक्षेत एका ओळीत विचारला, तर ही ओळ लिहा.

ब्रिजला सुरुवातीला काहीच माहीत नसते. तो शिकतो, आणि शिकण्याची त्याची रीत साधी आहे. एका ब्रिजला तीन पोर्ट आहेत असे समजा. पोर्ट १ वर लॅपटॉप, पोर्ट २ वर प्रिंटर, पोर्ट ३ वर डेस्कटॉप. लॅपटॉपने प्रिंटरसाठी फ्रेम पाठवली. ब्रिजने पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला आणि आपल्या तक्त्यात लिहिले : लॅपटॉप पोर्ट १ वर. मग घेणाऱ्याचा पत्ता तक्त्यात शोधला. प्रिंटर कुठे आहे ते माहीत नाही, म्हणून ती फ्रेम ज्या पोर्टवरून आली तो सोडून उरलेल्या सगळ्या पोर्टांवर पाठवली. डेस्कटॉपने ती टाकून दिली, प्रिंटरने घेतली आणि उत्तर पाठवले. उत्तर येताच ब्रिजने दुसरी नोंद केली : प्रिंटर पोर्ट २ वर. लॅपटॉपची जागा आता ठाऊक आहे, म्हणून उत्तर फक्त पोर्ट १ वर गेले. यापुढे या दोघांचे बोलणे डेस्कटॉपला ऐकू जात नाही.

नोंद कायम राहत नाही. एखाद्या पत्त्याकडून बराच वेळ काही आले नाही तर ती पुसली जाते. मानकाप्रमाणे हा काळ ३०० सेकंद असतो आणि लिनक्सही तोच वापरतो. लॅपटॉप उचलून दुसऱ्या पोर्टला लावला, की त्याची पहिली फ्रेम येताच नोंद बदलते. कोणालाही काही सांगावे लागत नाही.

पण एक पत्ता असा आहे जो तक्त्यात कधीच येत नाही : ४८ च्या ४८ बिट एक असलेला, म्हणजे सर्वांसाठीचा पत्ता. कोणतेही उपकरण पाठवणारा म्हणून तो लावत नाही, त्यामुळे ब्रिज तो शिकूच शकत नाही. अशी फ्रेम ब्रिज नेहमीच सगळीकडे पाठवतो. 'मला आयपी पत्ता द्या' ही डीएचसीपीची विनंती आणि '१९२.१६८.१.२० कोणाचा?' हा एआरपीचा प्रश्न, दोन्ही याच पत्त्यावर जातात. प्रिंटर शोधणारी समूहाची हाकही साधा ब्रिज अशीच सर्वत्र पोहोचवतो. म्हणून ब्रिज टाकताना स्वतःला विचारायचा प्रश्न हा : या दोन बाजूंना एकमेकांच्या हाका ऐकू याव्यात असे मला हवे आहे का? प्रिंटरसाठी हवे आहे. घरमालकाच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यासाठी आणि तुमच्या खोलीसाठी कदाचित नको. हाका ऐकू येत असतील, तर खोटी उत्तरे देणाऱ्यालाही त्या ऐकू येतात.

स्विच म्हणजे वेगळे काही नाही. अनेक पोर्टांचा, हार्डवेअरमध्ये बसवलेला ब्रिज, एवढेच. बाजारात मिळणारा पाच पोर्टचा साधा स्विच वर सांगितलेले सगळे काम करतो आणि वीज अगदी थोडी घेतो. म्हणून माझे मत सांगतो : नुसत्या केबली जोडायच्या असतील तर संगणकाला ब्रिज बनवू नका, स्विच घ्या. संगणकावरचा ब्रिज शिकायचा तो तीन कारणांसाठी. मधून जाणाऱ्या फ्रेम वायरशार्कमध्ये पाहता येतात, आभासी यंत्रे खऱ्या नेटवर्कवर आणता येतात, आणि कधी हाताशी तेवढेच साहित्य असते.

पहिल्या मजल्याचा उपाय

या घरात नवे काही विकत घ्यायची गरज नाही. विद्यार्थ्यांच्या राउटरच्या आत आधीच एक ब्रिज आहे. त्याचे 'लॅन' लिहिलेले चार पोर्ट आणि त्याचे वायफाय हे ब्रिजनेच जोडलेले असतात. फक्त 'वॅन' पोर्ट त्या ब्रिजच्या बाहेर असतो, आणि जिन्यातून आलेली केबल नेमकी तिथेच लावली आहे.

तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. तळमजल्याचा डबा हा पत्ता इतर कोणाला वाटत नाही ना, ते पाहून घ्या. मग त्याची डीएचसीपी सेवा बंद करा. त्यानंतर केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये लावा. आता हा राउटर केवळ स्विच आणि वायफाय म्हणून काम करेल, पत्ते तळमजल्याचा डबा देईल, आणि प्रिंटर दिसू लागेल. अनेक नव्या राउटरांत 'ॲक्सेस पॉइंट मोड' असतो, तो हेच सगळे एका फटक्यात करतो.

क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. डीएचसीपी चालू ठेवून केबल लॅनमध्ये लावली, तर एकाच नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारे दोघे होतात. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता लागतो. मग तळमजल्यावरच्या मोबाइललाही कधी १९२.१६८.० चा पत्ता मिळतो आणि त्याचे इंटरनेट बंद पडते. कधी बंद, कधी चालू, कोणाचे बंद आणि कोणाचे चालू, असा हा दोष असल्यामुळे तो शोधायला वेळ लागतो. इंटरनेट गेलेल्या उपकरणाला कोणता पत्ता आणि कोणता गेटवे मिळाला आहे, ते आधी पाहा. बहुधा तिथेच उत्तर असते.

फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्येही 'ब्रिज मोड' नावाची गोष्ट दिसते, आणि नावामुळे घोटाळा होतो. तिथे अर्थ असा की डब्याने राउटरचे काम सोडून द्यायचे, फायबर आणि केबल नुसते जोडायचे, आणि इंटरनेटचे कनेक्शन तुमच्या राउटरने उभारायचे. त्यासाठी सेवा देणाऱ्या कंपनीकडून वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि बऱ्याचदा व्हीलॅनचा क्रमांक घ्यावा लागतो. डब्यातून लँडलाइन फोनही चालत असेल तर आधी विचारून घ्या, कारण तो बंद पडू शकतो. आपल्या उदाहरणात मात्र डबा घरमालकाचा आहे. त्याला हात लावायचा नाही.

डेस्कटॉपवर ब्रिज

आता दुसरा मजला. पहिल्या मजल्याच्या राउटरमधून एक केबल वर आली आणि डेस्कटॉपच्या पहिल्या कार्डात लागली. दुसऱ्या कार्डातून निघालेली केबल शेजारच्या लॅपटॉपला द्यायची आहे. डेस्कटॉपवर लिनक्स आहे असे धरू. कमांडचे नेमके स्पेलिंग तुमच्या लिनक्समधल्या मदतपानावर मिळेल. इथे आपण काय करतो आणि का, तेवढे पाहू.

प्रथम ब्रिज प्रकारचा एक नवा इंटरफेस तयार करायचा. हे कार्ड खरे नसते, कर्नलमधली एक कल्पना असते. मग दोन्ही खरी कार्डे त्या ब्रिजला जोडायची. या क्षणापासून ती कार्डे नुसते पोर्ट होतात, आणि पोर्टला आयपी पत्ता नसतो. डेस्कटॉपला स्वतःला इंटरनेट हवे असेल, तर पत्ता ब्रिजने मागायचा. विद्यार्थ्यांचा वेळ सर्वांत जास्त इथे जातो. पहिल्या कार्डावर जुना पत्ता तसाच राहतो, ब्रिजला पत्ता मिळतच नाही किंवा दोघांना एकाच मालिकेतले दोन पत्ते मिळतात, आणि डेस्कटॉपचे बोलणे थांबते. गंमत म्हणजे पलीकडचा लॅपटॉप मात्र छान चालत असतो, कारण फ्रेम पुढे पाठवायला ब्रिजला आयपी पत्त्याची गरजच नाही. तसेच 'आयपी फॉरवर्डिंग' चालू करण्याचीही गरज नाही. ते राउटरचे काम आहे.

हे सगळे दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने करत असाल तर सावध राहा. ज्या कार्डावरून तुम्ही आत आला आहात तेच कार्ड ब्रिजला जोडले आणि पत्ता काढला, की तुमचे कनेक्शन तुटते आणि पुढची कमांड द्यायला तुम्ही उरत नाही. कीबोर्ड समोर ठेवून काम करा, किंवा सगळ्या कमांड एका फाइलमध्ये लिहून एकदम चालवा.

आणखी दोन बारकावे. लिनक्सचा ब्रिज आपला मॅक पत्ता जोडलेल्या कार्डांतून निवडतो, त्यातल्या सर्वांत लहान आकड्याचा. नवे कार्ड जोडले की तो बदलू शकतो, मॅक बदलला की डीएचसीपीकडून वेगळा आयपी मिळतो, आणि काल चालणारी फाइल शेअरिंग आज सापडत नाही. ब्रिजचा मॅक पत्ता हाताने ठरवून टाकला की हा त्रास संपतो. दुसरे असे की कमांडने केलेला ब्रिज यंत्र बंद झाले की नाहीसा होतो. मे-जूनच्या उकाड्यात वीज जाणार, आणि डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नसेल तर त्याच्या मागचा लॅपटॉप बॅटरीवर चालू असूनही नेटवर्कबाहेर जाणार. वीज आल्यावर तरी ब्रिज आपोआप उभा राहावा, म्हणून तो नेटवर्क मॅनेजरमध्ये 'ब्रिज' प्रकारचे कनेक्शन म्हणून जतन करा.

त्याच डेस्कटॉपवर तुम्ही डॉकर बसवले असेल तर एक वेगळेच कोडे समोर येते. ब्रिज बरोबर आहे, तक्त्यात पत्ते दिसतात, तरी लॅपटॉपला काही मिळत नाही. डॉकर स्वतः एक ब्रिज चालवते, सहसा १७२.१७.०.१ या पत्त्यावर, आणि त्यासाठी फायरवॉलमध्ये 'पुढे पाठवायचे पॅकेट नाकारा' असा सर्वसाधारण नियम लावते. ब्रिजमधल्या फ्रेमनाही फायरवॉलमधून नेणारे कर्नल मॉड्यूल चालू असले, की तुमच्या साध्या ब्रिजच्या फ्रेम त्या नियमात अडकतात. आपल्या ब्रिजला परवानगी देणारा नियम जोडला की काम होते.

विंडोजमध्ये नेटवर्क कनेक्शनच्या खिडकीत दोन इंटरफेस निवडून, माउसचे उजवे बटण दाबून ब्रिजचा पर्याय निवडला की झाले. सोपे आहे. त्या सोपेपणाचा एक धोका पुढे येतो आहे.

वायफाय का जोडले जात नाही

खालून केबल वर आणणे अवघड आहे, तेव्हा डेस्कटॉपला यूएसबीचा वायफाय लावू, तो पहिल्या मजल्याच्या राउटरशी जोडू, आणि त्या वायफायचा व केबलच्या कार्डाचा ब्रिज करू, असा विचार कोणालाही सुचेल. लिनक्स तो करू देत नाही. वायफाय कार्ड ब्रिजला जोडताच नकाराचा संदेश येतो. विद्यार्थी समजतात की ड्रायव्हर खराब आहे. तसे नसते.

कारण फ्रेमच्या रचनेत आहे. वायफायचा ग्राहक ॲक्सेस पॉइंटकडे जी फ्रेम पाठवतो, तिच्यात तीन पत्ते असतात : ॲक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्याचा आणि अंतिम घेणाऱ्याचा. हवेतून प्रत्यक्ष पाठवणारा आणि मूळ पाठवणारा यांच्यासाठी मिळून एकच जागा आहे, कारण ग्राहक नेहमी स्वतःचेच बोलणे पाठवतो असे गृहीत धरले आहे. ब्रिजमागच्या लॅपटॉपची फ्रेम पाठवायची तर चार पत्ते हवेत. शिवाय ॲक्सेस पॉइंट फक्त त्याच मॅक पत्त्यांना ओळखतो ज्यांनी त्याच्याशी रीतसर जोडणी केली आहे. ब्रिजमागून आलेला अनोळखी पत्ता तो नाकारतो.

मार्ग दोन. दोन्ही टोकांची उपकरणे चार पत्त्यांची पद्धत, म्हणजे डब्ल्यूडीएस, चालवत असतील तर ब्रिज होतो. नसतील तर ब्रिजचा हट्ट सोडा आणि डेस्कटॉपला राउटर करा. लॅपटॉपला वेगळी मालिका द्या आणि नॅट लावा. प्रिंटर पुन्हा दिसेनासा होईल, पण त्याचा पत्ता हाताने टाकायचे तुम्हाला आता माहीत आहे. उलट दिशेने मात्र काही अडत नाही. डेस्कटॉपला केबलने इंटरनेट येत असेल आणि त्याचे वायफाय कार्ड स्वतःच ॲक्सेस पॉइंट म्हणून चालत असेल, तर ते ब्रिजमध्ये बिनदिक्कत बसते. घरातला प्रत्येक वायफाय राउटर आतून हेच करत असतो.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'ब्रिज्ड ॲडॉप्टर' निवडल्यावर वायफायवरही आभासी यंत्राला पत्ता कसा मिळतो, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याला पडेल. तिथे खरा ब्रिज नसतो. व्हर्च्युअलबॉक्स बाहेर जाणाऱ्या फ्रेमवर आभासी यंत्राचा मॅक पुसून यजमानाच्या वायफायचा मॅक लिहितो, आणि उत्तर आले की आयपी पत्ता पाहून ते योग्य यंत्राला देतो. युक्ती चांगली आहे, पण ती युक्ती आहे.

चक्र

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. आयपी पॅकेटमध्ये आयुष्य मोजणारा एक आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो, आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. तो आकडा ८ बिटांचा आहे, म्हणून भरकटलेले पॅकेटही २५५ टप्प्यांपलीकडे जगत नाही. इथरनेट फ्रेममध्ये असा आकडाच नाही. ती म्हातारी होत नाही.

दोन स्विच दोन केबलींनी एकमेकांना जोडा, आणि कोणीतरी सर्वांसाठीची एक फ्रेम पाठवू द्या. पहिला स्विच ती दोन्ही केबलींवर पाठवतो. दुसऱ्याला दोन प्रती मिळतात, आणि तो प्रत्येक प्रत दुसऱ्या केबलवरून परत पाठवतो. पहिल्याला त्या पुन्हा नव्या वाटतात. प्रती फिरत राहतात, दर फेरीला सगळ्या पोर्टांवर उधळल्या जातात, आणि पुढची हाक आली की त्यांत भर पडते. वेगाचा अंदाज घ्या. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधीचे ८ बाइट आणि दोन फ्रेममधली १२ बाइटची मोकळी जागा धरून ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. १ गिगाबिटच्या केबलवर सेकंदाला १४,८८,०९५ अशा फ्रेम बसतात. चक्र सुरू झाले की केबल लवकरच अशी भरून जाते, आणि नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला ती प्रत्येक फ्रेम उघडून पाहावी लागते. त्यातच तक्ताही बिघडतो. एकाच लॅपटॉपची फ्रेम कधी या पोर्टवरून येते, कधी त्या, आणि ब्रिज नोंद बदलत बसतो.

घरात हे चक्र कसे होते? सर्वांत साधा प्रकार म्हणजे स्विचमागे लोंबणारे केबलचे मोकळे टोक. झाडलोट करताना कोणी तरी ते त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये 'निसटले असेल' म्हणून खोचून देतो. दुसरा प्रकार विंडोजच्या त्या सोप्या पर्यायाचा. लॅपटॉप केबलने आणि वायफायने एकाच राउटरला जोडलेला आहे. दोन्ही जोडले तर वेग दुप्पट होईल अशा समजुतीने त्यांचा ब्रिज केला, तर राउटरपासून केबलने लॅपटॉपपर्यंत आणि लॅपटॉपपासून वायफायने राउटरपर्यंत अशी दुसरी वाट तयार होते. ब्रिज वेग वाढवत नाही. दोन वाटांचा वेग एकत्र करणे हे बाँडिंगचे काम, आणि ते निराळे आहे.

लक्षण ओळखायला सोपे आहे. स्विचवरचे सगळे दिवे एकाच वेळी, एकाच लयीत, वेड्यासारखे लुकलुकतात. राउटरचे सेटिंग पानही उघडत नाही. अशा वेळी कंपनीला फोन करण्याआधी एकेक केबल काढा. ज्या केबलीनंतर दिवे शांत झाले, तिचे दुसरे टोक कुठे जाते ते पाहा.

यावरचा शास्त्रीय उपाय डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या राडिया पर्लमन यांनी शोधला. १९८५ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला, आणि १९९० मध्ये आयईईईच्या ८०२.१डी या मानकात ती पद्धत आली. तिला स्पॅनिंग ट्री म्हणतात. आलेख सिद्धान्तात तुम्ही जो विस्तारी वृक्ष शिकता तोच हा. ब्रिज दर दोन सेकंदांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवतात. ज्याचा ओळख-क्रमांक सर्वांत लहान तो मूळ ठरतो. बाकीचा प्रत्येक ब्रिज मुळाकडे जाणारी जवळची वाट ठेवतो, आणि ज्या वाटेने चक्र होईल ते पोर्ट अडवून ठेवतो. केबल काढलेली नसते, नुसती गप्प बसवलेली असते. चालू वाट तुटली की अडवलेली वाट उघडते. कोणत्याही ब्रिजला पूर्ण नकाशा ठाऊक नसताना सगळे मिळून बरोबर वृक्ष काढतात, ही त्यातली खरी सुंदर गोष्ट.

तिची किंमत म्हणजे वेळ. नवा पोर्ट सुरू होताना १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात जातात. या ३० सेकंदांत लॅपटॉपने पत्ता मागून कंटाळून सोडून दिलेला असू शकतो. 'केबल लावली, पत्ता मिळाला नाही, काढून लावली तरी नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. केबल न हलवता अर्धा मिनिट थांबून पत्ता पुन्हा मागा. २००१ च्या सुधारित, जलद आवृत्तीत हा विलंब बराच कमी झाला.

लिनक्सच्या ब्रिजमध्ये स्पॅनिंग ट्री आरंभी बंद असते. घरात दोनच कार्डे जोडत असाल तरी ती चालू करा असे मी सांगेन. स्वस्त स्विचमध्ये मात्र ती सहसा नसतेच, आणि तिथे तुमचे लक्ष हाच उपाय.

चक्र ही पुस्तकी भीती वाटत असेल तर बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस वैद्यकीय केंद्राचे उदाहरण पाहा. १३ नोव्हेंबर २००२ रोजी तिथले नेटवर्क कोलमडले आणि जवळजवळ चार दिवस धड चालले नाही. डॉक्टर आणि परिचारिकांना तपासण्यांच्या मागण्या आणि निकाल पुन्हा कागदावर आणावे लागले. रुग्णालयाने पुढे हे सगळे उघडपणे मांडले, म्हणून आज आपल्याला ते शिकता येते. नेटवर्क वर्षानुवर्षे ब्रिजला ब्रिज जोडत वाढवले गेले होते. स्पॅनिंग ट्रीची ठरावीक वेळापत्रके सलग सात ब्रिजपर्यंतच्या अंतरासाठी आहेत, आणि इथे काही भाग त्यापलीकडे गेले होते. एका संशोधकाच्या प्रणालीने खूप माहिती एकदम नेटवर्कवर सोडली, तारा तुडुंब भरल्या, ब्रिजचे आपसातले छोटे संदेश वेळेवर पोहोचेनात, आणि अडवलेल्या वाटा उघडून चक्रे सुरू झाली. उपाय काय केला? नेटवर्कचे भाग पाडून त्यांच्यामध्ये राउटिंग आणले.

चिनहटच्या आपल्या घरात सात ब्रिज होणार नाहीत. पण वसतिगृहात होतात. प्रत्येक खोलीत एक स्विच, त्यातून पुढच्या खोलीला केबल, तिथे पुन्हा स्विच, अशी साखळी चार मजल्यांवर चढत जाते आणि तिचा नकाशा कोणाकडेच नसतो. तुमच्या वसतिगृहात असे असेल तर एका रविवारी कागद घेऊन केबली मोजा. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल गच्चीवरून टाकलेली दिसली तर तीही नोंदवा : तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, आणि पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर दोन्ही टोकांची उपकरणे जाऊ शकतात. तिथे फायबर हवे.

स्वाध्याय

१. तीन पोर्टांच्या ब्रिजचा तक्ता रिकामा आहे. पोर्ट १ वरच्या 'क' ने पोर्ट ३ वरच्या 'ग' ला फ्रेम पाठवली, 'ग' ने उत्तर दिले, मग पोर्ट २ वरच्या 'ख' ने 'क' ला फ्रेम पाठवली. प्रत्येक वेळी फ्रेम कोणत्या पोर्टांवर गेली ते लिहा. सहा मिनिटे कोणीच काही बोलले नाही, आणि मग 'क' ने पुन्हा 'ग' ला फ्रेम पाठवली. आता काय होईल?

२. १०० मेगाबिटच्या केबलवर सेकंदाला सर्वांत लहान किती फ्रेम बसतील ते काढा. तेवढ्याच केबलवर १,५१८ बाइटच्या फ्रेम फिरत असतील तर आकडा किती होईल? चक्राच्या वेळी उपकरणाच्या प्रोसेसरला जास्त त्रास कोणत्या प्रकाराने होईल?

३. पाठातल्या घरात दुसऱ्या मजल्यावर डेस्कटॉपचा ब्रिज चालू आहे. नव्या भाडेकरूने स्वतःचा राउटर आणून डेस्कटॉपच्या दुसऱ्या कार्डाची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावली, सेटिंग काहीच बदलली नाही. तासाभरात तळमजल्यावरच्या टीव्हीचे इंटरनेट गेले, घरमालकाच्या मोबाइलचे मात्र चालू आहे. तुम्ही सर्वप्रथम काय तपासाल, आणि मोबाइल का चालू राहिला असेल?